उंचावरचे पाहुणे

मराठीतला ‘तालीम’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. मूळचा अरबी, अर्थ शिकवण. आपल्याकडे आल्यावर त्याने दोन बिऱ्हाडे थाटली. एक नाटकवाल्यांकडे आणि दुसरे पैलवानांकडे. नाटकवाल्यांची तालीम ही एक क्रिया आहे. ती रात्री नऊला सुरू व्हायची म्हणून साडेदहाला सुरू होते. पैलवानांची तालीम ही मात्र जागा आहे. चार भिंती, तांबडी माती, कोपऱ्यात शेंदूर फासलेला हनुमंत आणि आखाड्याच्या काठावर बसून सगळ्यांवर नजर ठेवणारा वस्ताद. शिकवण आणि शिकवणीची जागा या दोहोंना एकच शब्द लावणारी भाषा काही वेडी म्हणता यायची नाही. यंदाच्या दिवाळीत वाचकांना मला जे सांगायचे आहे, ते बहुतेक या एका शब्दात येऊन जाते. पण सदराला ठरावीक पाने असतात आणि संपादकांना ती भरून हवी असतात. तेव्हा थोडे विस्ताराने सांगतो.

हल्ली जगात एका नव्या यात्रेला तेजी आली आहे. पूर्वी एखाद्या गावाची कीर्ती देवामुळे होई, हवेमुळे होई, फार तर पेढ्यांमुळे होई. आता गावेच्या गावे, किंबहुना प्रांतच्या प्रांत, ‘परदेशी खेळाडूंनो, सरावाला आमच्याकडे या’ अशी हाळी देऊ लागले आहेत. ऑलिंपिक चार वर्षांनी येते आणि पंधरा-सोळा दिवसांत आटोपते. पण त्यासाठीचा घाम वर्षानुवर्षे गाळायचा असतो, आणि तो कुठेतरी गाळायचा असतो. जिथे गाळायचा तिथे राहणे आले, जेवण आले, अंग रगडणारा आला, धोबी आला. परदेशी संघ महिनाभर उतरला म्हणजे लग्नाचे वऱ्हाड महिनाभर उतरल्यासारखेच. फरक एवढाच की, हे वऱ्हाड रुसत नाही आणि रात्री नऊला झोपते. असे पाहुणे कोणत्या गावाला नकोत?

या यात्रेचा उगम शोधू गेले तर १९६८ सालच्या मेक्सिको ऑलिंपिकपाशी जावे लागते. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंच. तिथे सामने भरवायचे, असे १९६३ साली ठरले आणि देशोदेशींच्या डॉक्टर मंडळींत एकच चर्चा सुरू झाली. एवढ्या उंचीवर हवा विरळ. तिथे सपाटीवरची माणसे धावणार कशी? शेवटी व्हायचे तेच झाले. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हा त्या काळचा लांब पल्ल्याचा नामांकित धावपटू, कितीतरी विक्रमांचा धनी. तो दहा हजार मीटरची शर्यत सहाव्या क्रमांकाने पुरी करून जो कोसळला, तो प्राणवायू देऊनच सावध करावा लागला. ती शर्यत जिंकली केनियाच्या नफ्ताली टेमूने. दीड हजार मीटरची किप केइनोने, तीन हजार मीटर अडथळ्यांची अमोस बिवॉटने. तिघेही केनियाच्या डोंगराळ मुलखातले. जगाने त्या दिवसांत एक गोष्ट ध्यानात घेतली: उंचावर राहणाऱ्याच्या छातीत काहीतरी आहे, आणि ते आपल्यालाही मिळवता येईल काय, ते पाहिले पाहिजे.

हे ‘काहीतरी’ काय, तेही थोडक्यात पाहू. समजुतीप्रमाणे उंचावर प्राणवायूचे प्रमाण कमी होत नाही. हवेच्या शंभर भागांत तो तिथेही एकवीसच भाग असतो. कमी होतो तो हवेचा दाब. चोवीसशे मीटरवर तो सपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश उरतो, म्हणून प्रत्येक श्वासामागे प्राणवायू कमी मिळतो. शरीर हा तुटवडा ओळखते. मूत्रपिंडे एक संप्रेरक जास्त सोडू लागतात. ते हाडांच्या मगजाला सांगते की, तांबड्या पेशी वाढवा. तीन-चार आठवड्यांत रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद वाढते. मग खेळाडू सपाटीवर उतरला म्हणजे काही दिवस त्याला धावणे सोपे वाटते. हा ठेवा टिकाऊ मात्र नाही. काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून पुन्हा वर जावे लागते, आणि वरच्या खाणावळवाल्याचे पुन्हा चालते. मराठीत ‘उंची’ म्हणजे उच्चता आणि ‘उंची’ म्हणजे भारी किमतीचे. उंची अत्तर, उंची शालू. या दोन अर्थांचे लग्न जर कुठे लागले असेल, तर ते या सराव-गावांत.

फ्रान्सने मेक्सिकोची तयारी म्हणून पिरेनीज पर्वतात फाँ-रोम्यू येथे, साडेअठराशे मीटरवर, १९६७ साली एक मोठे सरकारी केंद्र उभारले. तिथे सराव केलेल्या कोलेत बेसाँ या तरुणीने पुढच्याच वर्षी चारशे मीटरचे सुवर्णपदक नेले. स्विस लोकांनी सेंट मॉरिट्झला अशीच सोय केली. या ठिकाणी आजही देशोदेशींचे खेळाडू जातात. पण ही झाली पैसेवाल्या सरकारांनी आखून-रेखून बांधलेली गावे. ज्या गावाविषयी मला लिहायचे आहे, त्याला कोणी आखले नव्हते.

त्याचे नाव इटेन. केनियाच्या पश्चिम भागात, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस, केरियो खोऱ्याच्या काठावर सुमारे २४०० मीटर उंचीवर हे गाव आहे. एका बाजूला एकदम कडा तुटलेला. खाली धुक्यात खोरे. दुसऱ्या बाजूला मक्याची शेते आणि तांबड्या मुरमाचे रस्ते. गावात शिरताना एक कमान लागते आणि तिच्यावर लिहिलेले आहे, ‘होम ऑफ चॅम्पियन्स’. म्हणजे विजेत्यांचे घर. कमानी आपल्याकडेही उदंड आहेत आणि त्यांवर काय काय लिहिलेले असते ते वाचक जाणतात. इटेनच्या कमानीवरचा मजकूर मात्र खरा आहे, आणि तो खरा कसा झाला हीच ऐकण्याजोगी गोष्ट आहे.

या गावात सेंट पॅट्रिक्स नावाची मुलांची शाळा आहे. तिथे १९७६ साली आयर्लंडहून कोल्म ओ’कॉनेल नावाचे एक धर्मबंधू भूगोल शिकवायला आले. थोडे दिवस राहून परत जायचे, असा बेत होता. धावण्याच्या शास्त्राचे कोणतेही शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. शाळेत मुलांना पळवणारा आधीचा इंग्रज शिक्षक मायदेशी गेला आणि ते काम या भूगोलाच्या मास्तरांकडे आले. आपल्याकडेही हा प्रकार अपरिचित नाही, पी.टी.चे मास्तर रजेवर गेले की शिट्टी मराठीच्या मास्तरांच्या गळ्यात पडते. आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशी परत केली जाते. ब्रदर कोल्मनी ती जन्मभर ठेवली. मुले कशी धावतात ते ते नुसते पाहत राहिले, पाहून शिकले आणि शिकून शिकवू लागले. ते त्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि इटेनचेच होऊन राहिले.

त्यांच्या शाळेतल्या पीटर रोनोने १९८८ साली सोल ऑलिंपिकात दीड हजार मीटरचे सुवर्णपदक मिळवले. मॅथ्यू बिरिरने १९९२ साली बार्सिलोनात तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली. याच शाळेतला विल्सन किपकेटर पुढे डेन्मार्कतर्फे धावला आणि आठशे मीटरचा तीनदा जगज्जेता झाला. पुढे कुणा मसाई घरातला एक उंच शिडशिडीत पोरगा इटेनला शिकायला आला आणि ब्रदर कोल्मच्या हाताखाली धावू लागला. त्याच्या वडिलांनी मेक्सिकोच्या त्याच ऑलिंपिकात केनियासाठी रिलेचे रौप्यपदक मिळवले होते. हा पोरगा म्हणजे डेव्हिड रुडिशा. २०१२ साली लंडनमध्ये त्याने आठशे मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून सुवर्णपदक घेतले आणि जगाचा विक्रम केला. सेंट पॅट्रिक्सच्या आवारात विजेत्या विद्यार्थ्यांच्या नावाने झाडे लावण्याचा प्रघात आहे. शाळेच्या आवारात सावली पडावी, तर अशी.

१९८९ सालापासून ब्रदर कोल्मनी सुट्टीत मुलींचीही शिबिरे भरवली. मुली धावतात म्हणजे काय, असे विचारणारे लोक तिथेही होते. पुढे लोर्ना किप्लागट या नामवंत धावपटूने १९९९च्या सुमारास इटेनमध्ये सरावाचे केंद्र काढले. मनात हेतू हा की, तिथल्या मुलींना निर्धास्तपणे राहून धावता यावे. राहण्या-जेवण्याची सोय झाली म्हटल्यावर परदेशी खेळाडू तिथे येऊ लागले, आणि त्यांच्या पैशांतून केंद्र चालू लागले. इंग्लंडचा मो फराह इथे राहून गेला आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकात पाच हजार आणि दहा हजार मीटरची दोन्ही सुवर्णपदके घेऊन गेला. मॅरेथॉनची राणी पॉला रॅडक्लिफ इथे राहून गेली. मग इटेनची जाहिरात निराळी करावी लागली नाही. आज तिथे हॉटेले आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत, मालिश करणारे आहेत, वापरलेले बूट विकणारे आहेत, आणि पाहुण्याच्या सोबत ठरावीक वेगाने पळणे हाच ज्यांचा रोजगार आहे असे तरुण आहेत.

या घटनांचा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. आधी शाळा, मग मास्तर, मग गावची मुले, मग गावच्या मुली, मग पाहुणे आणि सगळ्यात शेवटी कमान. उंची तर त्या कड्याला लाखो वर्षांपासून होती. तेवढी उंची पेरूच्या डोंगरांत आहे, आपल्या हिमालयात तर विचारूच नका. नुसत्या हवेला पाहुणे आले असते तर जगातला प्रत्येक घाट गजबजून गेला असता. परदेशी खेळाडू इटेनला येतो तेव्हा तो गुरुवारच्या सकाळसाठी येतो. दर गुरुवारी सकाळी तिथे शेकड्यांनी धावपटू गावाबाहेरच्या मुरमाच्या वाटेवर जमतात. एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असे तासभर धावतात. त्यात ऑलिंपिकवीर असतो आणि ज्याचे नाव अजून कोणालाच ठाऊक नाही असा शेतकऱ्याचा पोरही असतो. कोणी विचारत नाही, तू कोण. पाहुण्यानेही त्यात शिरावे आणि मागे पडावे. अशा घोळक्यात मागे पडण्यासाठी माणसे सात समुद्र ओलांडून येतात.

तिथला आहारही साधा. मक्याच्या पिठाचा ‘उगाली’, आपल्या उकडीहून घट्ट. त्यासोबत ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी, जिच्या नावाचा अर्थच मुळी ‘आठवडा ढकला’ असा. महिनाअखेरीच्या आमटीला हे नाव काय वाईट आहे? आणि वाचकहो, सोबत चपाती आणि दूध-साखर घातलेला चहा! नावेही तीच: ‘चपाती’ आणि ‘चाय’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून मजूर नेले, मागून व्यापारी गेले. त्यांच्याबरोबर पोळपाट-लाटणे गेले. जगातले सर्वांत वेगवान पाय चपाती खाऊन धावतात, ही बातमी आपल्या घरातल्या पोळीला नाके मुरडणाऱ्या मुलांना अवश्य सांगावी.

इथवर सगळे गोड झाले. पण दिवाळीच्या ताटात कारले नसते म्हणून ते जगात नसते असे नाही. इटेनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ज्यांना आपला प्रांत असा नावारूपाला आणायचा आहे त्यांनी तीच आधी वाचावी.

गावाच्या कड्यालगत कामारिनी नावाचे मातीचे मैदान होते. गावच्या पोरांचे आणि जगज्जेत्यांचे पाय त्याच एका पट्टीवर पडत. २०१६-१७च्या सुमारास सरकारने ठरवले की, या मैदानाचे आधुनिक क्रीडागार करायचे. मैदान उकरले. मग काम रखडले, आणि वर्षानुवर्षे रखडले. ज्या गावाच्या नावावर सरकार मिरवत होते, त्याच गावाची धावण्याची पट्टी सरकारने सुधारणेच्या नावाखाली हिरावून घेतली. खेळाडू मग घाट उतरून टांबाखच्या शिक्षक-महाविद्यालयाच्या मातीच्या मैदानावर जाऊ लागले. शिक्षकांनी पुन्हा एकदा इटेनचा संसार सावरला, असे मी म्हटले तर ती जातभाईंची तरफदारी होईल; पण गोष्ट खरी आहे.

दुसरे कारले अधिक कडू. मघाशी सांगितलेले रक्त वाढवणारे संप्रेरक बाटलीतही मिळते. डोंगरावर महिना काढण्याऐवजी सुई टोचून घेण्याचा मोह अनेकांना झाला. पैसा आला तसे दलाल आले. केनियाचे नावाजलेले धावपटू एकामागून एक बंदीत अडकले. २०१६ साली त्या देशाला उत्तेजकविरोधी स्वतंत्र संस्था कायद्याने उभारावी लागली. २०२२ साली तर साऱ्या देशावरच बंदी येते की काय अशी पाळी आली; तेव्हा सरकारने पाच वर्षांत अडीच कोटी डॉलर या कामासाठी खर्चण्याचे वचन दिले आणि वेळ निभावली. यात बदनाम झाला तो नुसता सुई घेणारा नव्हे. पहाटे पाचला उठून प्रामाणिकपणे धावणाऱ्या हजारोंकडे जग त्याच संशयाने पाहू लागले.

आणि तिसरी गोष्ट लिहिताना हात अडखळतो. अ‍ॅग्नेस टिरोप ही इटेनची पंचवीस वर्षांची धावपटू. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने जर्मनीत दहा किलोमीटरच्या महिलांच्या शर्यतीत जागतिक विक्रम केला. महिनाभराने, १३ ऑक्टोबरला, ती इटेनमधल्या आपल्या घरात भोसकलेल्या अवस्थेत मृत सापडली. पतीवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. तिच्या मैत्रिणींनी ‘टिरोप्स एंजल्स’ नावाची संस्था काढली. जिंकलेल्या पैशावर आणि त्या पैशाने घेतलेल्या जमिनीवर घरातल्याच पुरुषाचा ताबा, मारहाण, धमक्या. ज्या गोष्टी मुली बोलत नव्हत्या त्या तिथे बोलता येऊ लागल्या. त्यानंतर तीन वर्षांनी युगांडाची रेबेका चेप्तेगेई हिची पाळी आली. केनियातल्या सराव-केंद्रांजवळ राहता यावे म्हणून तिने सीमेपलीकडे त्या देशात जमीन घेऊन घर बांधले होते. पॅरिस ऑलिंपिकची मॅरेथॉन धावून आल्यावर, काही आठवड्यांतच, तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने तिच्यावर पेट्रोल ओतून पेटवले. सप्टेंबर २०२४ मध्ये ती गेली. वाद त्या जमिनीवरून होता, असे वृत्त होते.

हे सारे सराव-गावांमुळे झाले असे मी म्हणत नाही. बाईच्या कमाईवर डोळा ठेवणाऱ्याला डोंगर लागत नाही, तो सपाटीवरही भेटतो. पण जे गाव जगातल्या खेळाडूंना ‘आमच्याकडे या’ म्हणते, त्या गावाने हवा आणि खोली यांपलीकडेही कसली तरी हमी दिलेली असते. पाहुणीला जशी द्यायची, तशी आपल्या लेकीलाही. लोर्नाने केंद्र काढताना हाच विचार केला होता. तो तिच्या कुंपणाबाहेर पुरेसा पोहोचला नाही.

आता थोडे आपल्याकडे पाहू. कारण यातली एक शर्यत आपल्याही घरची आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि पुढे धावू लागला. त्यानेही उटीला सराव केला, अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरात जाऊन सराव केला. म्हणजे अशा गावांचा तोही एक पाहुणाच. २०२२ सालच्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत केनियाचा अब्राहम किबिवॉट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत आला आणि आपला अविनाश ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. सेकंदाचा विसावा हिस्सा! माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओला याच प्रकारात अंतिम शर्यतीत धावून दहावी आली होती. बीड काय आणि माण काय, दोन्ही दुष्काळी मुलूख. पाऊस नसला तरी पाय आहेत.

मग आपणही एखादा प्रांत असा उभा करावा काय? उंचीचा हिशोब आधी प्रामाणिकपणे मांडावा. उटी बरोबर मेक्सिको शहराएवढी, २२४० मीटर. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. त्याच्या माथ्यावर धावपट्टी आखली तरी फाँ-रोम्यूची बरोबरी होत नाही. तेव्हा ‘महाराष्ट्राचे इटेन’ असा फलक सह्याद्रीत कुठे लागलाच, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पण इटेनचा खरा धडा उंचीचा नव्हताच, आणि तो धडा आपण फार पूर्वी गिरवलेला आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी वाढवल्या, १९१२ साली खासबागचे मैदान बांधले, आणि दूरदूरचे मल्ल कोल्हापूरला येऊ लागले. त्यांना हवा खायची नव्हती. त्यांना वस्ताद हवा होता आणि जोड हवी होती. त्याच मातीतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव निघाले आणि १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन मल्लखांब आणि देशी खेळ दाखवून आले. मुंबईत शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकायला परदेशी माणसे येतात. २०१९ साली तिथेच मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे जे शिकवणारे आहेत त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिकवले, म्हणून लोक आले.

उंचीवाचून भागते, याला जपानचा दाखला आहे. टोकियोच्या वायव्येस माएबाशी नावाचे शहर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे दक्षिण सुदानचे चार धावपटू आणि एक प्रशिक्षक ऑलिंपिकच्या तयारीसाठी आले. यादवीने पोळलेला देश. तिथे धड पट्टी नाही. मग महामारी आली, ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले. माएबाशीने पाहुण्यांना परत धाडले नाही. लोकांनी वर्गण्या दिल्या, नगरपालिकेच्या मैदानावर त्यांचा सराव चालू राहिला, त्यांना जपानी भाषा शिकवली. दीड वर्षाहून अधिक काळ ते पाच जण त्या गावचे होऊन राहिले आणि २०२१ साली त्यांच्यातले काही टोकियोत उतरले. पदक मिळाले नाही. पण त्या शहराकडे पाहुण्यांना देण्यासाठी काय होते ते पाहा: रोज उघडे असणारे एक मैदान आणि शेजारधर्म पाळणारी माणसे.

रोज उघडे असणारे मैदान! आमच्या तालुक्याच्या गावी माझ्या पहिल्या तासाला बी.ए.च्या वर्गात जी मुले-मुली पेंगतात, ती पूर्वी मला आळशी वाटत नसत, तर कवितेने भारावलेली वाटत. चौकशी केली तेव्हा कळले की, ती पहाटे चारला उठून धावून आलेली असतात. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, त्याचा सराव. धावतात कुठे? हमरस्त्यावर. उसाच्या ट्रॉल्या आणि मालमोटारी बाजूने जातात. मुली घोळक्याने धावतात, एकीचा भाऊ मोटारसायकलचा दिवा लावून मागून येतो. मैदान का नाही? मैदान आहे. त्यावर कधी प्रदर्शनाचा मांडव असतो, कधी लग्नाचा, कधी सभेचा. आणि काहीच नसेल त्या दिवशी फाटकाला कुलूप असते. किल्ली कोणाकडे, हे विचारले तर तीन माणसांची नावे सांगितली जातात.

आता या मुलांत एखादा अविनाश आहे, एखादी ललिता आहे असे मी म्हणणार नाही. बहुतेकांना पोलिसाची नोकरीच मिळाली तरी घर सावरेल, आणि त्यांना तेवढेच हवे आहे. पण इटेनचा कोणताही विजेता याहून निराळ्या घोळक्यातून निघालेला नाही. परदेशी पाहुणा उद्या आपल्या जिल्ह्यात आलाच, तर तो पहिल्या सकाळी हेच विचारील: ‘इथली मुले कुठे धावतात? मलाही त्यांच्यात धावायचे आहे.’ त्याला आपण हमरस्ता दाखवणार काय?

म्हणून ज्यांच्या हाती जिल्हे आहेत, हॉटेले आहेत आणि कमानी उभारण्याचे कंत्राट देण्याचा अधिकार आहे, त्यांना एका मराठीच्या मास्तराची विनंती आहे. तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र ठेवावेत. शिकवणाऱ्यावाचून बांधलेली जागा म्हणजे गोदाम, आणि जागेवाचून शिकवणारा म्हणजे रस्त्याकडेला शिट्टी घेऊन उभा असलेला वेडा. प्रत्येक तालुक्याला मातीची एक चारशे मीटरची पट्टी, पहाटे चार ते सात तिथे दिवे, मुलींसाठी कपडे बदलायची एक खोली, आणि बदली होऊन जाणार नाही असा एक माणूस. खर्च एका कमानीहून फार जास्त येऊ नये. हे वीस वर्षे चालवावे. मग बाहेरचे लोक येतात की नाही ते पाहावे. न आले तरी नुकसान कोणाचेच नाही. मुले-मुली तरी मालमोटारींच्या दिव्यांतून सुटतील.

वाचकांना दिवाळी सुखाची जावो. सुट्टीत गावाकडे जाल, तेव्हा शाळेवरून जाणे होईलच. मैदानाचे फाटक उघडे आहे काय आणि नसेल तर किल्ली कोणाकडे आहे, तेवढे जाता-जाता विचारून यावे.